आवाजांची वही

३ मार्च, सोमवार

लाल रंगाची, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. आवाज: मागून, सीटच्या खालून, ‘ठक्’. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक, सोडला की एक. गिअर बदलताना जरा मोठा. भरल्या पिंपावर ओल्या हाताने थाप मारावी तसा. कारण: डिफरन्शियलचे बुश गेले असावेत.

एवढंच लिहून नेहमी वही मिटतो. गावच्या शाळेत आमचे गुरुजी शाळेला येताना वाटेत काय काय ऐकलं ते रोज पाच ओळी लिहून आणायला सांगायचे. बाकीची पोरं वर्गात येऊन एकमेकांचं उतरवायची. मला ते जमायचं, आणि पुढे त्यावरच पोट भरलं. लोक मला कानाचा मिस्त्री म्हणतात. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी तिचं निम्मं दुखणं सांगतो. यात माझं काही नाही. ज्याने कान दिला त्याला रोज पहाटे मी हात जोडून, मोठ्याने, तसं सांगतो.

पण आज थोडं जास्त लिहावंसं वाटतंय, ते गाडीच्या मालकिणीमुळे. साठीच्या पुढची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. आधी एक पाय, मग दुसरा, मग बाकीची ती, अशी तीन टप्प्यांत गाडीबाहेर आली. माझा मेहुणा तोंड फिरवून हसत होता. तिने बरोबर पकडलं. म्हणाली, “हसून घे. मी चाळीस वर्षं सुईण होते. याहून अडचणीच्या जागेतून माणसं बाहेर काढली आहेत.”

तिची धाकटी बहीण एका वृद्धाश्रमात असते. तिला आता कोणाची ओळख राहिलेली नाही, आणि झोप तर अजिबात लागत नाही, सारखी फिरत राहते. फक्त दर रविवारी या गाडीत बसवून बाई तिला फिरवून आणते, तेव्हा ती शांत झोपते. दोन तास. औषधानेही जे होत नाही ते. पण महिन्याभरापासून हा ‘ठक्’ सुरू झाला आणि प्रत्येक ठोक्याला ती दचकून जागी होते.

“आयुष्यभर मी लोकांची झोप मोडली,” बाई म्हणाली. “आता एकीला झोपवते आहे, तेवढं मिस्त्री तुम्ही सांभाळा.”

मी शब्द दिला.

एक गोष्ट खटकली. बाई माझ्याशी बोलत होती आणि उत्तरं मेहुणा देत होता. हल्ली तो असंच करतो. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारी येऊन उभा राहतो. लोक आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात हे खरं आहे, पण म्हणून मालकाच्या आधी बोलायचं?

४ मार्च, मंगळवार

गाडी स्टँडवर चढवून खाली झोपलो. माझा अंदाज बरोबर निघाला.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा लोखंडी डबा. तो मागच्या चौकटीला तीन जागी टांगलेला असतो आणि तिन्ही जागी मध्ये रबराचा जाड बुश असतो, म्हणजे लोखंडाला लोखंड लागत नाही. रबर चिरलं की डबा जागेवर उड्या मारतो. मी पहार घालून जरा उचकटला, तर अंगठाभर हलला. मागचे दोन बुश तर तोंड उघडल्यासारखे फाटले होते. पंचवीस वर्षांचं रबर. बिचाऱ्याने पुष्कळ सोसलं.

घरी किटलीची शिट्टी बिघडली आहे. दुपारी जेवायला आलो होतो. मी शेजारी बसून असताना पाणी आटून किटली काळी झाली, तरी वाजली नाही. शिट्टी काढून, तारेने साफ करून परत बसवली. तरी नाही. बायकोला म्हणालो, नवीन घेऊ. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

६ मार्च, गुरुवार

बुशवरून मेहुण्याशी वाजलं.

दुकानदार म्हणतो, मूळचे रबरी बुश या गाडीसाठी आता सहज मिळत नाहीत. मागवले तर सहा आठवडे. त्याऐवजी कडक, पिवळे, प्लॅस्टिकसारखे बुश आहेत, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले. ते चार दिवसांत येतील आणि जन्मभर टिकतील. मला वाटलं, बहिणीची झोप सहा आठवडे कशाला अडवायची? कडकच लावू.

मेहुणा म्हणाला, “दाजी, कडक बुशने ठोका जाईल, पण डिफरन्शियल गायला लागेल. आतल्या दात्यांचा आवाज रबर गिळून टाकतं. हे पिवळं गिळणार नाही, सरळ सीटपर्यंत पोचवेल.”

मी म्हणालो, दाते चांगले असतील तर गाणार नाहीत. मी चालवून बघेन, आणि माझ्या कानाला पटलं तरच गाडी देईन.

यावर तो पहार उचलून गाडीखाली गेला. अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे, बायकोचा धाकटा भाऊ, हात सोन्याचा. पण हल्ली माझ्याशी बोलताना आवाज चढवतो. मी एखादी गाडी तपासून बॉनेट लावलं की थोड्या वेळाने हा पुन्हा उघडतो. मी फेरी मारून आलो की हा किल्ली घेऊन दुसरी फेरी मारायला जातो. विचारलं तर म्हणतो, हौस. परवा स्वयंपाकघरात बहीण-भाऊ हळू आवाजात काहीतरी बोलत होते, मी गेलो तर दोघेही गप्प.

मनात वाईट विचार आला, तो इथे लिहून ठेवतो म्हणजे डोक्यात राहणार नाही. याला गॅरेज ताब्यात घ्यायचं आहे का? आणि तिला ते ठाऊक आहे का?

९ मार्च, रविवार

सुट्टी. पहाटे बराच वेळ ओट्यावर बसलो. कुंपणाजवळच्या झाडावर हल्ली पाखरं येत नाहीत. पूर्वी त्यांच्या कलकलाटाने जाग यायची आणि माझी प्रार्थना त्यांच्याबरोबरच सुरू व्हायची. आता घड्याळ बघून उठतो. पलीकडे नवी इमारत झाली, तेव्हापासून गेली असतील. डोळे मिटून बसलं की ती शांतता फार जाणवते. इतकी शांतता देवालाही नको असेल.

१० मार्च, सोमवार

पिवळे बुश आले. सकाळी जुने काढायला घेतले.

हे काम सरळ नसतं. रबर निघतं, पण त्याच्याभोवतीचं पातळ कडं चौकटीच्या भोकात गंजून बसलेलं असतं. करवतीचं पातं भोकातून घालून कडं आतून हळूहळू कापायचं, चौकटीला ओरखडा न उठवता. हात आडवा, मान वाकडी, डोळ्यांत गंज. दोन कडी मी कापली, तिसरं मेहुण्याने. त्याचं माझ्यापेक्षा नीट निघालं. तसं मी त्याला म्हणालो नाही.

एक बोल्ट तुटता तुटता वाचला. तापवून, थांबून, पुन्हा तापवून सुटला.

११ मार्च, मंगळवार

बुश बसले. हे पिवळे दोन तुकड्यांत येतात, ग्रीस लावून हाताने दाबले की जातात. मग मधली पोलादी नळी, मग बोल्ट. बोल्ट आधी नुसते लावून घेतले, गाडी खाली उतरवून चाकांवर वजन आल्यावर शेवटचे आवळले. मला काम शिकवणारे उस्ताद हे फार काटेकोर पाळायचे. म्हणायचे, टांगलेल्या गाडीवर आवळू नकोस, तिला तिच्या पायावर उभी राहू दे. कडक बुशला याची तेवढी गरज नसते, पण हाताची सवय.

संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर जाऊन आलो. हळू, मध्यम, जोरात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला. ठोका गेला. बाकी काही नाही. संपूर्ण शांत. एका ठरावीक वेगाला गिअरच्या दांड्याला हात लावला की मुंगी चालल्यासारखं होत होतं, पण जुन्या गाडीचं तेवढं चालायचंच.

वहीत नोंद: लाल गाडी. आवाज: काही नाही.

१२ मार्च, बुधवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी बाई गाडी न्यायला यायच्या आधी मेहुणा खिळ्यावरची किल्ली काढत होता. मी विचारलं, कुठे? म्हणाला, एक फेरी मारून येतो. मी म्हणालो, काल मी मारली आहे. तो म्हणाला, माहीत आहे, तरी मारतो.

मी म्हणालो, किल्ली ठेव.

त्याने ठेवली नाही. म्हणाला, “दाजी, ही गाडी मला एकदा ऐकू द्या. एवढी एकच.”

ऐकू द्या, हा शब्द मला लागला. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या कानावर, दुसऱ्याचा कान? मी विचारलं, हे गॅरेज कोणाचं आहे? तो म्हणाला, तुमचंच. मी म्हणालो, मग उद्यापासून येऊ नकोस.

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने किल्ली खिळ्याला लावली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, रोजच्यासारखे, घाई न करता. कामाचा शर्ट घडी करून फळीवर ठेवला आणि गेला.

बाईंनी गाडी नेली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ठोका नव्हता. मी मान डोलावली.

बायकोला सांगितलं तेव्हा तिच्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणाली, “त्याला कशासाठी काढलंत ते तुम्हाला नक्की माहीत आहे?”

मी सगळी कारणं सांगितली. दुसऱ्या फेऱ्या, मध्ये बोलणं, ओरडणं, कुजबुज. ती ऐकून घेऊन आतल्या खोलीत गेली. ताट माझं मीच वाढून घेतलं.

१४ मार्च, शुक्रवार

एकटा आहे. काम होतं, पण दिवस लांबतो. एक टॅक्सीवाला आला, म्हणाला पंख्याचा पट्टा अजून ओरडतोय. मी इंजिन सुरू करून उभा राहिलो. काही ओरडत नव्हतं. त्याला तसं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, तुमचा तो माणूस कुठे आहे? मग निघून गेला. कटकट्या लोकांची कमी नाही.

मेहुण्याचा शर्ट अजून फळीवर आहे.

१७ मार्च, सोमवार

दुपारी बाई आली. रागावलेली नव्हती, त्यामुळे जास्त अवघड गेलं.

काल बहिणीला घेऊन निघाली होती. ठोका नाही, पण गाडी शीळ घालते म्हणाली. बारीक, एकसारखी, थांबत नाही. बहिणीने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले आणि तसेच आश्रमापर्यंत झाकून ठेवले. उतरली ती गाडीकडे वळून बघेना. बाई तिला परत गाडीच्या दाराशी नेऊ लागली तर ती रडायला लागली.

मी म्हणालो, आपण एक फेरी मारू. मी चालवतो, तुम्ही सांगा.

मोठ्या रस्त्याला लागलो. एका वेगाला बाईने बोट वर केलं, “आता.” मला काही नाही. थोडा वेग कमी केला, तिने बोट खाली घेतलं. पुन्हा वाढवला, पुन्हा वर. चार वेळा. चारही वेळा त्याच वेगाला. मला काहीच नाही. गिअरच्या दांड्यावर तेवढी ती मुंगी चालत होती.

मी फार सभ्यपणे म्हणालो, बाई, वयाने कधीकधी कानात वाजतं. त्यात कमीपणा नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. आता डोळे मिटा, आणि आवाज आला की हात वर करा.”

मी मिटले. वाट बघितली. एक ट्रक गेला, तो मला कळला, सीट हलली. मग पुन्हा काही नाही.

“वाजवा ना,” मी म्हणालो.

मी डोळे उघडले. तिच्या हातात घरच्या किल्ल्यांचा जुडगा होता, माझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि ती तो हलवत होती. किल्ल्या एकमेकींवर आपटताना मला दिसत होत्या.

“दोन्ही बाजूंनी वाजवला,” ती म्हणाली.

परत येताना ती चालवत होती. मी शेजारी बसून होतो. ती एकदाच बोलली. म्हणाली, बाळाचे ठोके मी पहिली वीस वर्षं कानाने ऐकले, नंतर तळव्याने; बारीक आवाज येत होते, पण तसले मंद, जाड आवाज कानाला लागेनासे झाले होते. कोणाला सांगितलं नाही. एकदा सांगायला हवं होतं, तेव्हाही सांगितलं नाही.

त्या एकदाचं काय झालं ते मी विचारलं नाही. गाडी माझ्याकडे ठेवून ती बसने घरी गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ही वही पहिल्या पानापासून वाचली.

पहिल्या साठ पानांत सगळे आवाज आहेत. किर्र, चीं, सूं, शीळ, चिरका, बारीक कण्हल्यासारखा. साठाव्या पानावर एक पांढरी व्हॅन, पट्ट्याची शीळ, परवापरवाची वाटते, पण तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर ऐंशी पानं. ठक्. धाड. गुरगुर. खडखड. घरघर. पुन्हा ठक्.

पावणेदोन वर्षं माझ्या गॅरेजमध्ये एकही गाडी किरकिरली नाही. असं होत नसतं. त्या गाड्या येत होत्या, दुरुस्तही होत होत्या. कोणीतरी दुसरी फेरी मारत होतं.

किटलीची शिट्टी माळ्यावर टाकली होती. ती खाली काढून ठेवली. तिच्यात काही बिघाड नव्हता.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी प्रार्थनेला बसलो, पण नेहमीचं वाक्य तोंडातून बाहेर येईना. देवाने दिलेला कान देवाने परत घेतला असं म्हणावं, तर तेही खरं नाही. तो हातोड्याने आणि नट सोडवायच्या हवेच्या बंदुकीने घेतला, आणि कानात बोळे घाला म्हणून सांगणाऱ्या प्रत्येकाला मीच हसलो होतो.

बायकोला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

“किटलीच्या पुष्कळ आधीपासून,” ती म्हणाली.

मग का सांगितलं नाहीस, असं विचारलं. ती भाजी निवडत होती, हात थांबवले नाहीत. म्हणाली, “तुम्ही रोज पहाटे देवाला कानाबद्दल धन्यवाद देता. मोठ्याने. मी आत पडून ऐकते. त्याच्यामध्ये मी कशी बोलू?”

मग म्हणाली, भावाला मीच सांगितलं होतं, सांभाळून घे म्हणून.

मी लिहिलेला तो वाईट विचार वर सहा तारखेच्या पानावर आहे. खोडणार नाही. राहू दे तिथेच.

२१ मार्च, शुक्रवार

तीन दिवस लागले मला, मेहुण्याच्या दारापर्यंत जायला. वाटेत सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. तो पायरीवर बसून खुर्चीचा पाय जोडत होता. मला बघून सरकला, मी शेजारी बसलो. जुळवलेलं काही आठवेना.

मी म्हणालो, “लाल गाडी गाते. तू म्हणाला होतास.”

तो म्हणाला, “हो.”

“मला ऐकू येत नाही.”

तो खुर्चीकडे बघत होता. मग माझ्याकडे तोंड करून, नीट, मोठ्याने म्हणाला, “दाजी, पावणेदोन वर्षं तुमच्याशी ओरडून बोलतोय. घसा बसला. सवय अशी लागली की घरी पण ओरडायला लागलो. बायको माहेरी निघाली होती, तुझा आवाज ऐकून ऐकून माझे कान जातील म्हणाली.”

मी हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही, त्यानेही बघितलं नसल्यासारखं केलं. त्याची बायको चहा घेऊन आली. तीसुद्धा ओरडून म्हणाली, साखर कमी आहे का? घरात सगळ्यांनाच माहीत होतं तर.

निघताना मी म्हणालो, तुझा शर्ट फळीवर आहे. तो म्हणाला, धुतला का? मी म्हणालो, नाही. म्हणाला, मग तुमची शिक्षा तीच, धुवा.

२२ मार्च, शनिवार

शर्ट धुतला. मेहुणा आला. पहिलं काम, दोघांनी मिळून दुकानदाराला फोन केला. म्हणजे त्याने केला, मी शेजारी उभा राहिलो. रबरी बुश मागवले. सहा आठवडे.

बाईंना सांगितलं, माझी चूक आहे, गाडी इथेच राहू दे, मूळच्यासारखी करून देतो. ती म्हणाली, तोवर मी बसने बहिणीकडे जाईन. तिच्या झोपेचं काय, असं मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

२ एप्रिल, बुधवार

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून, बटण देऊन, आवाज आला की दाबा म्हणाले. पुष्कळ वेळ मी नुसता बटण धरून बसलो होतो. कागदावर एक रेघ काढून दाखवली, डावीकडे सपाट, उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी. खालचे आवाज शाबूत, वरचे गेले. यंत्र बसवता येईल म्हणाले, महिना-दीड महिना लागेल. पूर्वीसारखं होणार नाही, असंही म्हणाले. खरं बोलणारा माणूस, मला आवडला.

टॅक्सीवाल्याच्या घरी जाऊन आलो. त्याचा पट्टा मेहुण्याने बदलून दिला.

१५ एप्रिल, मंगळवार

आता गिऱ्हाईक आलं की मी आधीच सांगतो, बारीक आवाज असेल तर याला सांगा, जाड असेल तर मला. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. दोन गिऱ्हाइकं परत आली नाहीत. एकाने मात्र बसून सांगितलं की त्याच्या वडिलांचंही असंच झालं होतं, आणि ते शेवटपर्यंत मान्य करत नव्हते. घरातली सगळी माणसं दमून गेली होती.

२ मे, शुक्रवार

रबरी बुश आले. बाहेरून लोखंडी कडं, आत काळं रबर, त्यात दोन बाजूंना चंद्रकोरीसारख्या पोकळ्या. कड्यावर एक बारीक खूण आहे. ती ठरलेल्या दिशेला आली पाहिजे, म्हणजे पोकळ्या जोराच्या बाजूला येतात. बुश फिरून बसला तर सगळं काम फुकट.

बसवण्याआधी थंड केले की कडं केसभर आकसतं. म्हणून तिन्ही पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले. बायको म्हणाली, बर्फ कुठे करू? मी म्हणालो, उद्या सकाळपर्यंत. ती म्हणाली, चुकून शिजवले तर मला बोलायचं नाही.

३ मे, शनिवार

पिवळे बुश ज्या हातांनी दाबले होते त्याच हातांनी काढले. ते मात्र लगेच निघाले.

नवे बुश लांब आट्याच्या सळईने ओढून आत घेतले. एका टोकाला मी पाना फिरवत होतो, दुसऱ्या टोकाला मेहुणा खुणेवर डोळा ठेवून होता. साबणाचं पाणी लावलं. तेल लावायचं नाही, तेल रबर खातं. दुसरा बुश निम्म्यावर तिरका व्हायला लागला. मेहुणा काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही, पण त्याआधीच पान्यातून बोटांना लागलं होतं की जोर वेगळा झालाय. मी थांबलो. मागे घेतला, सरळ केला, पुन्हा ओढला. मेहुणा चौकटीखालून तोंड बाहेर काढून म्हणाला, “मी सांगायच्या आधीच थांबलात.”

मी म्हणालो, हाताला कळलं.

गाडी चाकांवर उभी केली. दोघे आत बसलो, म्हणजे वजन पुरं यावं, मग मी उतरून खाली शिरलो आणि मेहुणा एकटाच सीटवर गाडीचं वजन होऊन बसून राहिला. शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत तो काहीतरी गुणगुणत होता म्हणे. नंतर त्यानेच सांगितलं.

मोठ्या रस्त्यावर मी चालवली. त्या ठरावीक वेगाला आलो. गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला. मुंगी नव्हती. मी मेहुण्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते, मान जरा तिरकी, अगदी मी पूर्वी करायचो तशी. बराच वेळ तसाच बसला. मग त्याने डोळे उघडले आणि मान हलवली.

वहीत नोंद: लाल गाडी. आवाज: काही नाही. मेहुण्याचा कान, माझा हात.

४ मे, रविवार

गॅरेज बंद होतं, तरी आम्ही दोघे दुपारी जाऊन बसलो. फाटक उघडं ठेवलं होतं.

बाई बहिणीला बसवताना फार वेळ लागेल अशा धास्तीत होती. शेवटी तिने बहिणीला आधी इंजिन बंद असलेल्या गाडीत अर्धा तास नुसतं बसवलं, शेंगदाणे सोलून दिले, आणि मगच गाडी सुरू केली. हे तिने नंतर सांगितलं.

चारच्या सुमाराला लाल गाडी हळूहळू फाटकापाशी येऊन थांबली. बाईने इंजिन बंद केलं नाही. उतरली नाही. काच खाली केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

शेजारच्या सीटवर एक लहानखुरी म्हातारी होती. मान एका खांद्यावर पडलेली, तोंड थोडं उघडं, मांडीवर सालं, एक हात कानाजवळ नव्हे तर सीटच्या कडेला सैल लोंबत होता. तिचा श्वास वर-खाली होताना दिसत होता.

आम्ही तिघे तसेच राहिलो. कोणीच बोलत नव्हतं, त्यामुळे तेवढा वेळ मी आणि ते सारखेच होतो. मी गाडीच्या मागच्या भागावर, डिफरन्शियलच्या वर, तळवा टेकवला. इंजिनाची धग, बारीक थरथर, बाकी काही नाही. बाईने आरशातून माझा हात बघितला आणि हसली.

मग ती तशीच हळूहळू पुढे निघून गेली.

५ मे, सोमवार

आज उठायला उशीर झाला. ओट्यावर बसलो तेव्हा उजाडलं होतं. कशाबद्दल धन्यवाद म्हणावेत ते ठरेना, म्हणून काही न म्हणता बसलो, आणि डोळे मिटायचे राहून गेले.

कुंपणाजवळच्या झाडावर पाखरं होती. एक-दोन नाही, प्रत्येक फांदीवर. माना वर करून चोची उघडत होती, मिटत होती, गळ्याखालची पिसं फुगत होती. कितीतरी वेळ मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

बायको चहा घेऊन आली. मी विचारलं, ही कधी परत आली?

ती माझ्याशेजारी टेकली. तोंड माझ्याकडे करून, सावकाश म्हणाली, “गेलीच नव्हती.”

मग मी तिला म्हणालो, जरा बस इथे, आणि काय काय म्हणतायत ते मला सांग.